दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं?

या आठवड्याचं पत्र:

मॅडम, नमस्कार. सक्करदऱ्याकडे माझं अंड्यांचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. सकाळी ट्रेच्या हिशेबानं माल जाते, संध्याकाळी उकडलेले अंडे आणि बुर्जी. आजकाल गिऱ्हाईक भाव कमी आणि बाकीचंच जास्त विचारते. एक काका म्हणतात, बलकानं हार्ट अटॅक येते. जिमची पोरं म्हणतात, एका अंड्यात तेरा ग्रॅम प्रोटीन राहते, दिवसाले दहा खाऊ. एक ताई ब्राऊन अंडंच मागतात, पांढऱ्यात म्हणे केमिकल राहते. उन्हाळा लागला की अर्धं गिऱ्हाईक तुटते, अंडं गरम पडते म्हणून. मागच्या महिन्यात एका माणसानं उकडलेलं अंडं परत आणून दिलं, प्लास्टिकचं आहे म्हणाला, चार लोकांसमोर. लय वाईट वाटलं. मुलगा बारावीले आहे. तो रोज मोबाईलवर नवा व्हिडिओ दाखवून राहिला, काल सांगितलं त्याच्या उलट आज. तो म्हणते, बाबा, दुकानावर पाटी लावू, अंड्याची खरी माहिती लिहू. मले पटलं. पण खरी माहिती कोणाची धरायची? आणि मी तर अंडे विकतो, माझ्या पाटीवर कोण विश्वास ठेवणार?
एक अंडेवाला, नागपूर

भाऊ, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. "मी तर अंडे विकतो, माझ्या पाटीवर कोण विश्वास ठेवणार?" अंड्याबद्दल जो कोणी बोलतो त्याला हाच प्रश्न लावायला हवा, आणि तुम्ही तो स्वतःला लावलात. मुलाला सांगा, व्हिडिओ सुरू केला की बोलणारा काय विकतो ते आधी शोधायचं. खाली प्रोटीनच्या डब्याची लिंक आहे का? 'देशी' अंड्यांचं घरपोच पॅकेट? वजन उतरवायचा कोर्स? विकणारा खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. तुम्हीही विकताच. पण गिऱ्हाईक तुटेल असं वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून सहसा निघत नाही, आणि ऐकणाऱ्याला बरेचदा तेच वाक्य हवं असतं.

'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' तुम्हाला पाठ असेल. ज्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा, म्हणजे एनईसीसीचा, शेकड्याचा भाव तुम्ही रोज बघता, तिचीच ती जाहिरात. १९८२ साली पोल्ट्रीवाल्यांनी ही समिती उभी केली, कारण तोवर भाव व्यापारी ठरवत आणि कोंबड्या पाळणारा बुडत असे. ते काम मोठं आहे. अंड्याचा खप वाढवणं हा तिचा उघड हेतू आहे, तिनं तो कधी लपवला नाही. म्हणून भाव तिच्याकडून घ्या. कोणी किती अंडी खावीत, हे मात्र दुसऱ्या दारी विचारा.

ते दार हैदराबादला आहे. राष्ट्रीय पोषण संस्था, एनआयएन. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हाताखालची ही संस्था १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला, बेरीबेरी रोगाचा शोध घ्यायला म्हणून एका खोलीत सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. ती अंडी विकत नाही आणि अंड्याऐवजी खायच्या वस्तूही विकत नाही. देशभरातून धान्य, भाज्या, मासे, अंडी गोळा करायची, प्रयोगशाळेत मोजायची आणि तक्ते छापायचे, हे तिचं एक मोठं काम. तिच्या २०१७ च्या तक्त्यात ५२८ पदार्थ आहेत. आपल्याकडच्या अंड्याचा आकडा लागला की मी तो तक्ता उघडते.

आता तुमची जिमची पोरं. तेरा ग्रॅम त्यांनी कुठून उचलले ते मला बरोबर ठाऊक आहे, आणि तो आकडा खोटा नाही. त्या तक्त्यात कोंबडीच्या अंड्यापुढे प्रथिनं १३ ग्रॅमच्या थोडी वरच लिहिली आहेत. पण तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: खाण्याजोग्या १०० ग्रॅम भागात. पोरांनी ती ओळ सोडली आणि शंभर ग्रॅमला एक अंडं समजून बसली.

इथे तुमच्याकडे अशी एक वस्तू आहे जी मोबाईलवाल्यांकडे नाही. तुमचा काटा. एक भरलेला ट्रे त्यावर ठेवा, रिकाम्या ट्रेचं वजन वजा करा, उरलं त्याला तीसनं भागा. पोल्ट्रीचं अंडं साधारण ५० ते ५५ ग्रॅम भरेल. मग संध्याकाळी बुर्जीसाठी फोडलेल्या दहा अंड्यांची टरफलं तोला. टरफल अंड्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं निघतं. म्हणजे पोटात जाणारा भाग उरला ४५ ते ५० ग्रॅम. शंभराला तेरा, तर पन्नासाला साडेसहा आणि पंचेचाळिसाला सहाच्या जरा खाली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, फार तर साडेसहा. बारावीतला मुलगा हे गणित गिऱ्हाइकासमोर पाच मिनिटांत करून दाखवील, आणि त्या पोरांनाही स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याचं समाधान मिळेल.

त्याच काट्यावर गावरान अंडी ठेवून बघा. चाळीस ग्रॅमच्या आसपासचं अंडं असेल तर खाण्याजोगा भाग छत्तीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं पावणेपाच ग्रॅम. गिऱ्हाईक त्याला जास्त पैसे मोजतं आणि अंड्यामागे प्रथिनं त्याला कमी मिळतात. गावरान अंड्याची चव आवडते म्हणून घ्यावं, परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईच्या हातात चार पैसे जातात म्हणून घ्यावं. मी स्वतः याच कारणांसाठी घेते. पण ताकदीसाठी म्हणून आपल्या तुटपुंज्या पगारातून कोणी महागडं अंडं घेत असेल, तर त्याला हा हिशेब कळला पाहिजे.

आणि ब्राऊन अंडं म्हणजे गावरान नाही, हे त्या ताईंना समजावून सांगा. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. तपकिरी अंडी देणाऱ्या जाती मोठ्या पोल्ट्री फार्मवरही पाळतात, त्यांना तेच फार्मचं खाद्य असतं आणि अंड्यातलं पोषणही तेच. बलकाचा गडद रंग खाद्यातल्या मक्यावरून, झेंडूच्या पाकळ्यांच्या अर्कावरून येतो. राहिलं केमिकल. त्यांची शंका अगदीच हवेतली नाही. पोल्ट्रीत काही औषधांचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून तर नायट्रोफ्युरान गटातल्या प्रतिजैविकांवर आपल्याकडे बंदी आहे. पण अंड्यात औषधाचा अंश आहे की नाही हे प्रयोगशाळेतच कळतं, टरफलाच्या रंगावरून कळत नाही. तुमचा माल कोणत्या फार्मवरून येतो, तिथे औषधं कोणाच्या सल्ल्यानं देतात, हे तुम्ही पुरवठादाराला विचारू शकता. चौदा वर्षं माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तो उत्तर देईल. ओमेगा-३ लिहिलेली पॅकेटची अंडी ठेवत असाल तर त्यांनाही तोच नियम: एका अंड्यात किती मिलिग्रॅम ते छापलं आहे का, आणि पॅकेटवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी नंबर आहे का, ते बघा.

तक्त्याचं सालही विचारत जा. आपल्याकडच्या अन्नाचा १९७१ चा जुना तक्ता शंभर ग्रॅम अंड्याला १७३ कॅलरी आणि तेरा ग्रॅमच्या वर चरबी देतो. २०१७ चा नवा तक्ता १३५ च्या आसपास कॅलरी आणि नऊ ग्रॅमच्या आसपास चरबी सांगतो. मी कॉलेजात वर्षानुवर्षं १७३ शिकवलं. दवाखान्यांतल्या भिंतींवर आजही तो आकडा दिसतो. दोन्ही आकडे एकाच घराण्यातल्या तक्त्यांचे, पण कोंबडीची जात, तिचं खाद्य आणि मोजायची रीत बदलली की आकडा हलतो. ज्यावर साल नाही तो तक्ता मी बाजूला ठेवते.

जिमच्या पोरांसाठी आणखी एक. आयसीएमआरनं २०२० मध्ये धडधाकट प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. साठ किलोच्या पोराला दिवसाची पन्नास ग्रॅम, आणि त्यात वरण, पोळी, दूध, चणे सगळं आलं. मेहनत जास्त करणाऱ्याला थोडी जास्त लागतील, तरी दहा अंडी हा हिशेब बसत नाही. एनआयएननं २०२४ च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनचे डबे टाळा, असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि कच्ची अंडी ग्लासात फोडून पिऊ देऊ नका. १९९८ मध्ये बेल्जियममध्ये मोजक्या माणसांवर एक बारकाईचा अभ्यास झाला. शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं अंगी लागली, कच्च्यातली पन्नास टक्क्यांच्या आसपास. वर साल्मोनेला जंतूंची भीती वेगळीच.

आता ते काका. हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९९१ साली माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. मी तेव्हा नुकतीच आहारशास्त्र शिकवायला लागले होते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनच बलक, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९६८ मध्ये सांगितलं होतं आणि आमच्या वर्गातही तेच शिकवलं जायचं. एका बलकातच दोनशेच्या आसपास कोलेस्टेरॉल. मी वडिलांच्या ताटातून बलक काढून घ्यायला लागले. नऊ वर्षं काढले. ते तक्रार करत नसत. पांढरा भाग मीठ-मिरी लावून खायचे आणि बलक माझ्या मुलाच्या ताटलीत जाताना बघायचे.

पुढे २०१५ ते २०२० साठीच्या अमेरिकन आहारसूचना आल्या आणि त्यांतून ३०० ची ती मर्यादा गेली. 'कोलेस्टेरॉलची भीती संपली, खुशाल अंडी खा' अशा बातम्या मी वाचल्या. वडिलांना जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मूळ मजकूर काढून वाचला, तर त्यात पुढे असंही होतं की मर्यादेचा आकडा काढला तरी चांगल्या आहारात आहारातलं कोलेस्टेरॉल होईल तितकं कमीच ठेवावं. बातम्यांमध्ये हे वाक्य कुठेच नव्हतं. तेव्हापासून मी बातमीवर थांबत नाही, ती ज्या कागदावरून लिहिली तो कागद शोधते. तुमचा मुलगा बारावीत आहे, मोबाईल त्याच्या हातात आहे. हे कागद बहुतेक फुकट वाचायला मिळतात.

माझं वडिलांच्या बाबतीत चुकलं का? ते हृदयरोगी होते, आणि तशा माणसाला आजही जपूनच सांगतात. मी चुकले ते दुसरीकडे. त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं मी धडधाकट माणसांनाही सांगत सुटले. विद्यार्थिनींना, शेजारणींना, बाळंतपणानंतर अशक्त झालेल्या माझ्या वहिनीलाही. एका अंड्याच्या प्रथिनांतला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग बलकात असतो, आणि ए, डी ही जीवनसत्त्वं तर सगळी बलकातच. ते मी वहिनीला फेकायला लावलं.

आजचं चित्र असं आहे. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी, म्हणजे लोणी, वनस्पती तूप, चरबीचं मटण, ते जास्त वाढवते. एका अंड्यात अशी चरबी दीड ग्रॅमच्या आसपासच असते. (तुमच्या तव्यावर बुर्जीत पडणारं बटर मात्र यात धरलेलं नाही, भाऊ. आणि सावजी रश्श्यावरची तर्रीही नाही.) अमेरिकन हार्ट असोसिएशननंच २०१९ च्या अखेरीला नवं टिपण काढलं: निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालेल, कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या वयस्कांना दोनही चालतील, ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यातही ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी जपावं. म्हणजे काकांचं उत्तर काकांच्या रक्ताच्या रिपोर्टात आहे. तुम्ही दुकानात उभं राहून ते देऊ नका. त्यांचे डॉक्टर किंवा मेडिकल, मेयो, एम्स या आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या आहारतज्ज्ञ देतील.

काल एक, आज उलट, हे का होतं तेही मुलाला सांगा, नाहीतर सगळंच खोटं असं त्याच्या डोक्यात बसेल. मार्च २०१९ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात जवळपास तीस हजार अमेरिकन माणसांचा अभ्यास आला. अंडी जास्त खाणाऱ्यांत हृदयरोग थोडे जास्त आढळले. पण लोक काय खातात हे सुरुवातीला एकदाच विचारलं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं ते तेच खात राहिले असं धरलं होतं. बरोबर एक वर्षानं, मार्च २०२० मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दुसरा अभ्यास आला. त्यात आहार पुन्हा पुन्हा विचारला होता, बत्तीस वर्षांपर्यंत माग ठेवला होता, आणि दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक माणसांनी केले. दोन्हींत अंडं खाणारा माणूस सोबत आणखी काय खातो हा गुंता होताच, कारण तिकडे अंड्याच्या जोडीला बेकन असतं आणि आपल्याकडे पोळी. शंभर गोष्टींतून एका अंड्याचा वाटा वेगळा काढणं फार अवघड आहे. म्हणून एकाच अभ्यासावर उड्या मारणाऱ्या व्हिडिओकडे मी काणाडोळा करते आणि अनेक अभ्यास एकत्र तोलून लिहिलेल्या सूचनांची वाट बघते. अभ्यासाला पैसा कोणी दिला तेही शेवटच्या पानावर छापलेलं असतं. अंडी-उद्योगाच्या पैशातून झालेला अभ्यास लगेच फेकून देत नाही, पण दोनदा वाचते.

उन्हाळ्याचं तर नागपुरात राहून वेगळं काय सांगू. नवतपात बाहेर पाऊल ठेववत नाही तेव्हा अंडं नको वाटतं, यात खोटं काहीच नाही. आयुर्वेदातलं 'उष्ण' हे पदार्थाच्या गुणाबद्दलचं बोलणं आहे, ते थर्मामीटरचं मोजमाप नाही, आणि ज्याला ते पाळायचं त्यानं खुशाल पाळावं. प्रथिनं पचवताना शरीर थोडी उष्णता सोडतं हे खरं, पण ती डाळ खाल्ल्यावरही सोडतं. एका अंड्यानं निरोगी माणसाला उन्हाळ्यात अपाय होतो असं दाखवणारं काही माझ्या वाचनात नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात खरी काळजी अंडं ठेवायची कशी याची आहे. पंचेचाळीस अंशांत दुकानाच्या बाहेर रचलेल्या ट्रेमधलं अंडं झपाट्यानं शिळं होतं: पांढरं पातळ होतं, बलक सैल पडतो, आतली हवेची पोकळी वाढते. आणि गावरान अंडं कोंबड्यासोबत फिरणाऱ्या कोंबडीचं असेल तर ते फळलेलं असू शकतं. एवढ्या उष्णतेत त्यात गर्भ वाढायला लागतो आणि फोडल्यावर रक्ताचं कडं दिसतं. पोल्ट्रीच्या लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो, तिथे हा प्रश्न येत नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यात अंडी नको म्हणत, त्यामागे त्या काळच्या परसातल्या अंड्यांचा हा अनुभवही असावा, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

तेव्हा एप्रिल-मेमध्ये माल कमी भरा, सावलीत ठेवा, ट्रेवर आल्याची तारीख खडूनं लिहा. पाण्यात अंडं तरंगतं का बघतात, त्यातून ते जुनं आहे एवढंच कळतं, त्यात जंतू आहेत का हे कळत नाही. अंडी आधीच धुऊन ठेवू नका, टरफलावरचा नैसर्गिक थर जातो. आणि लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांना हाफ फ्राय देऊ नका. त्यांच्यासाठी बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

त्या माणसानं चार लोकांसमोर तुम्हाला प्लास्टिकचं अंडं विकणारा ठरवलं, ते वाचून मलाही वाईट वाटलं. ही अफवा २०१७ च्या सुमारास देशभर फिरली आणि एफएसएसएआयनं प्लास्टिकची अंडी ही निव्वळ भ्रामक समजूत आहे असं लेखी सांगितलेलं आहे. व्हिडिओत जी प्लास्टिकसारखी झिल्ली ओढून दाखवतात ती टरफलाखालची आतली त्वचा असते. प्रत्येक अंड्याला ती असते आणि वाळली की कागदासारखी होते. पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं तर वाद घालू नका, त्याच ट्रेमधलं एक कच्चं अंडं बशीत फोडून दाखवा: बुडाशी हवेची पोकळी, बलकाच्या दोन बाजूंना पिळलेली पांढरी दोरी. इतक्या स्वस्त वस्तूसाठी हे सगळं कारखान्यात कोण घडवत बसेल?

पण परत आणलेलं अंडं तसं का लागलं, हेही शोधा, कारण त्या माणसाला काहीतरी वेगळं लागलं म्हणूनच तो आला. संध्याकाळभर पातेल्यात उकळत राहिलेल्या अंड्याचं पांढरं रबरासारखं होतं आणि बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून ते होतं, त्यात विष काही नाही. अंडं फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला लागून गोठलं असेल तरी बलक घट्ट गोळा होतो. आणि एक कारण खास आपल्या विदर्भाचं आहे. सरकीची ढेप. परसातल्या कोंबड्या गाईम्हशींच्या ढेपेवर ताव मारतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, त्यानं साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडू शकतो, आणि सरकीच्या तेलातल्या काही घटकांनी थंडीत ठेवलेला बलक चिवट होतो. गावरान माल गावाकडून येत असेल तर तिथे विचारा, कोंबड्या ढेप खातात का.

असले प्रश्न, म्हणजे कोंबडी, खाद्य, साठवण, अंड्याचा दर्जा, विचारायला आपल्या शहरात उत्तम जागा आहे. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय. ते माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं आहे आणि तिथे कुक्कुटशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मुलाला घेऊन एकदा जा. फक्त प्रश्न ज्याचा त्याला विचारा. हृदयरोग्यानं किती अंडी खावीत हे कोंबडीच्या तज्ज्ञाला विचारू नका, आणि बलक हिरवा का झाला हे हृदयाच्या डॉक्टरांना. मोठ्या नावाची माणसंही आपल्या शेताच्या बांधापलीकडे गेली की कधी कधी ऐकीव बोलतात. भेसळीची किंवा खराब मालाची तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे करायची.

आता पाटी. मी लिहिली असती तर अशी:

आमच्या ट्रेमधलं एक अंडं टरफलासकट इतक्या ग्रॅमचं (आकडा तुम्ही काट्यावर बघून भरा). त्यात प्रथिनं साधारण सहा ग्रॅम. हिशेब एनआयएन, हैदराबादच्या २०१७ च्या तक्त्यावरून. पांढरं आणि ब्राऊन, पोषण सारखंच. गावरान अंडं वजनानं लहान, चवीसाठी घ्या. निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालतं. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग आमच्याकडे या. कच्चं अंडं पिऊ नका. माल आल्याची तारीख ट्रेवर लिहिली आहे. आम्ही अंडी विकतो, म्हणून आमचा शब्द नका धरू, काटा समोर आहे.

'आधी डॉक्टरांना विचारा' ही ओळ लिहिताना हात जरा अडखळेल, त्या ओळीनं दोन-चार गिऱ्हाइकं जातीलही. तरी ती मोठ्या अक्षरात लिहा. पाटीच्या कोपऱ्यात महिना आणि साल घाला, म्हणजे पुढच्या वर्षी काय बदललं ते मुलगा बघेल. आणि ट्रेचं वजन किती भरलं, ते मला नक्की कळवा.